दाइजोबुवर विश्वास नको

आमची कंपनी जपानात, हामामात्सुत आहे. दुसऱ्यांच्या वस्तूंच्या पोटात बसणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. भात शिजला की गाणं वाजवणारा कुकर, न्हाणीचं पाणी तापलं की हाक मारणारी भिंतीवरची पाटी, मोठ्या बटणांचे मोबाइल. आतला मेंदू आमचा, वर नाव भलत्याचंच. लग्नात राबायचं आम्ही आणि आहेर दुसऱ्यानं घ्यायचे, असला धंदा.

म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं यंत्र मात्र आमच्या विभागाच्या वाकुई साहेबांनी स्वतःच्या हौसेनं काढलं होतं. हौस कसली, गरज होती. त्यांची आई, चिसेआजी, इइदाच्या वर डोंगरात एकट्या राहायच्या. साहेबांच्या बहिणीनं वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलेली. आजी म्हणाल्या, "मी इथून आडवी होऊनच निघेन." शेवटी मायलेकांत तह झाला. यंत्र चाललं तर आई घरी राहील, नाही चाललं तर वसंतात मुकाट्यानं आश्रमात जाईल.

यंत्र साधंच होतं. माणूस पडला की ते विचारायचं, "पडलात का? ठीक आहात ना?" 'दाइजोबु' असं उत्तर आलं की गप्प बसायचं. काहीच उत्तर नाही, किंवा नुसतं कण्हणं ऐकू आलं, तर घरच्यांना फोन लावायचं. ऑफिसात गादी टाकून आम्ही सगळे धडाधड पडलो. एकदाही चुकलं नाही.

मग ते गावातल्या खऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात घातलं आणि पहिल्याच आठवड्यात त्सुरुओका आजी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. यंत्रानं विचारलं. आजी म्हणाल्या, "दाइजोबु हो, उगीच तुम्हाला त्रास." यंत्र गप्प बसलं. शेजारीण परसातले मुळे द्यायला आली म्हणून निभावलं.

दाइजोबु म्हणजे ठीक आहे. आणखी भात वाढू? दाइजोबु, म्हणजे नको. पाय मोडला का? दाइजोबु, म्हणजे मोडलाय, पण तुम्ही कशाला तसदी घेता. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही पडलो इंजिनियर, आम्हाला कसं कळणार!

"खोटं दाइजोबु ओळखायला शिकवू या त्याला," साहेब म्हणाले.

"पण नमुने कुठून आणायचे?" मी विचारलं.

हिबी हा आमच्यातला तोंडाळ. तो म्हणाला, "सेगावाबाई, नमुन्यांना काय तोटा? साहेब कामं वाटतात तेव्हा नुसता माइक चालू ठेवा."

ठेवला. "सोमवारपर्यंत होईल ना?" "दाइजोबु!" "सुट्टी पुढे ढकलली तर चालेल?" "दाइजोबु!" असा खजिना हाती लागला की महिन्याभरात यंत्र चांगलंच पोचलेलं झालं. सगळ्यांत खणखणीत खोटं साहेबांचं निघालं. त्याच महिन्यात त्यांची बायको घर सोडून गेली होती. स्वतःच्या यंत्रातला तिचा नंबर खोडून त्यांनी आईचा टाकला, तेव्हा आम्हाला कळलं. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलंच होतं.

गीझर बनवणाऱ्या बड्या कंपनीचे ओनुकी साहेब बघायला आले, तो दिवस उजाडला. त्यांनी पसंत केलं तर यंत्र बाजारात जाणार, नाहीतर काम बंद, आणि चिसेआजींच्या गळ्यातलंही बंद. साहेब कोट घालून, गळ्यात यंत्र अडकवून गादीशी उभे राहिले, एवढ्यात त्यांचा मोबाइल थरथरला. त्यांनी तो कानाला लावला; मी शेजारीच होते, मला यंत्राचा आवाज ऐकू आला. "वाकुई चिसे पडल्या आहेत. ठीक आहे म्हणतात, पण तसं वाटत नाही."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही अडचण आहे का?" ओनुकींनी विचारलं. "आपण नंतर भेटू हवं तर."

"दाइजोबु," साहेब म्हणाले.

मला इतका संताप आला त्या माणसाचा! मी हिबीला ढोसलं, तसा तो आजींच्या शेजाऱ्यांना फोन करायला बाहेर धावला. इकडे साहेब ठरल्याप्रमाणे पडले. ठरल्यापेक्षा जरा जास्तच खरे पडले.

"पडलात का? ठीक आहात ना?" यंत्रानं विचारलं.

माणूस खरोखर ठीक असला तर यंत्र कुणाला त्रास देत नाही, एवढंच इथं दाखवायचं होतं. साहेब हसून म्हणाले, "दाइजोबु!"

"तसं वाटत नाही. घरी फोन लावते."

आणि भर सभेत आजींचा आवाज घुमला. "तेत्सु? अरे, पडलास की काय?"

"आई, तू आधी तुझं सांग."

"माझं सोड. मी जरा टेकलेय स्वयंपाकघरात. हे म्हणतंय तू पडलायस आणि वर खोटं बोलतोयस. काय झालं रे?"

साहेब गादीवर तसेच पडून होते. मला वाटलं, आता ते तोच शब्द उच्चारणार.

"पडलोय आई," ते म्हणाले. "सुमिए गेली सोडून. तुला सांगितलं नाही."

ओनुकी साहेब रुमालानं डोळे टिपत होते. "काय सुंदर बसवलंय हो!" ते मला हळूच म्हणाले. "आईचं काम केलंय कोणी?" त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. आता त्यांच्या जाहिरातीत एक हसरी म्हातारी अंगणात उभी असते आणि खाली लिहिलेलं असतं, 'आई राहील आपल्या घरी.'

आजींचा घोटा मुरगळला होता, एवढंच. यंत्र चाललं होतं, तेव्हा तहाप्रमाणे त्या डोंगरातच राहायला मोकळ्या होत्या. पण घोटा बरा झाला तशी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि लोणच्याची बरणी पोटाशी धरून हामामात्सुला साहेबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पण यंत्र चाललं की!" साहेब म्हणाले.

"चाललं म्हणूनच तर आले," आजी म्हणाल्या. "सरक, आत येऊ दे."