पाच नंबरचा बिघाड

"हेच ना पाच नंबर?" ट्रॉली घेऊन आलेल्या दोघांपैकी जाड्याने विचारलं आणि मशीनच्या मागे हात घालून तो वायर शोधायला लागला.

"हात काढा आधी!" मी ओरडले. "माणूस जोडलेलं आहे त्याला. दिसत नाही?"

तो दचकून मागे सरला. खुर्चीवर गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेल्या आजींनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या हातातून निघालेल्या दोन लाल नळ्या मशीनमध्ये गेल्या होत्या.

"ने बाबा," आजी म्हणाल्या. "पण आतलं रक्त माझं आहे. तेवढं ठेवून जा."

शेजारी चार नंबरवर ड्रायव्हरकाका खो खो हसले. जाड्याला काही हसू आलं नाही. त्याने खिशातून मुख्य कार्यालयाचा कागद काढून माझ्या हातात दिला. मी तो मोठ्याने वाचला. पाच नंबरचं मशीन गेल्या सात महिन्यांत एक्क्याण्णव वेळा नादुरुस्त झालेलं आहे. प्रत्येक वेळी कारण एकच, पाण्याचा दाब कमी. तरी ते तपासणीसाठी ताब्यात घेण्यात यावं. बदली मशीन उपलब्ध होताच कळवण्यात येईल.

'उपलब्ध होताच कळवण्यात येईल' म्हणजे काय, ते सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला चांगलं पाठ झालंय. तीन वर्षांपूर्वी आमचा वजनकाटा असाच तपासणीला गेला. अजून तपासतायत.

"पावणेबाराला या," मी म्हटलं. "त्याआधी यांचं आटपत नाही."

ते दोघे चहा शोधायला गेले. त्या मशीनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. एक्क्याण्णव वेळा ते मीच बिघडवलं होतं, उभ्या उभ्या, एका बोटाने.

मी डायलिसिसची टेक्निशियन. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त आमचं मशीन धुऊन देतं, दिवसाआड, चार-चार तास. आमच्याकडे आठ मशीनं आणि सकाळच्या पाळीला आठ माणसं. पूर्वी कोण कुठे बसणार हे मी ठरवायचे. भिंतीला एक तक्ता चिकटवलेला होता आणि पेन्सिल माझ्या कानावर असायची. खोकणारा दाराशी. घाबरणारी माझ्या टेबलाजवळ. एका जमिनीवरून भांडणारे दोन साडू आमच्याच नशिबी आले होते, ते एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. यात काही मोठी अक्कल लागत नव्हती, माणसं ओळखीची लागत होती.

मग नवीन प्रोग्राम आला. तक्ता काढला, भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन राहिला, आणि त्या चौकोनावर स्क्रीन बसवला. त्याला बोट लावायचं, पण हातमोजा घातलेलं बोट त्याला कळत नाही. म्हणजे मोजे काढा, नोंद करा, हात धुवा, नवे मोजे चढवा. तेवढ्यात तीन मिनिटं होतात आणि तो तुम्हाला बाहेर काढतो. परत पासवर्ड. आजींची जन्मतारीख त्यांना स्वतःला ठाऊक नाही, तर त्याने आपल्या मनाने एक जानेवारी टाकली. आमच्याकडे आठातले पाच जण एक जानेवारीचे आहेत. त्या दिवशी तो पाचही जणांना 'आपण उत्तरोत्तर तरुण होवो' असं काहीसं पाठवतो. आजींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "मेल्याला मराठीही येत नाही आणि वैद्यकीही."

हे सगळं मी चालवून घेतलं. पण त्याने माणसं बसवायला घेतली, तिथे माझं डोकं फिरलं. दारात जो येईल त्याला पहिलं मोकळं मशीन, एकपासून सुरू. बदल करायची सोय नाही. आपल्या मनाने माणूस दुसरीकडे बसवावा, तर मशीनचे आकडे थेट नावावर जातात. एकाचं प्रेशर दुसऱ्याच्या खात्यात. तो खेळ मी करणार नव्हते.

ड्रायव्हरकाका रुग्णालयाच्या गाडीने येतात. गाडीतून चौघे उतरतात आणि काका शेवटी, कारण साखरेने त्यांची नजर नेली आहे. म्हणून त्यांना नेहमी चार नंबर. आजींना जावई सोडतो, त्याची पोरं शाळेत घातल्यावर. त्या सगळ्यांच्या मागून. म्हणून त्यांना आठ.

आधी सहा वर्षं ती दोघं शेजारी बसत होती. काकांनी तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली आणि आजी त्याच बसने गणवेश शिवायच्या कारखान्यात जायच्या. चार तास काका तोंडाने बस चालवतात. कुठला थांबा, कुठला खड्डा, कोण कुठे चढायचं. आणि आजी चुका काढतात. "अरे ड्रायव्हर, गिरणीचा थांबा गिळलास की!" "म्हातारे, तो विनंती थांबा होता, हात कोणी केला?" "मी करत होते आठ वर्षं, तू बघशील तर ना." ही बडबड ऐकून नवख्या सिस्टर वैतागायच्या. मी नाही. काकांचं प्रेशर अचानक पडतं, आणि पडण्याआधी त्यांचा आवाज जातो. मशीन अर्ध्या तासाने प्रेशर मोजतं. आजी प्रत्येक श्वासाला मोजायच्या. काका वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले, की आजींची हाक आलीच. "ताई, ड्रायव्हर थांबला!" मी धावायचे, पाय वर करायचे, सलाईन सोडायचे. सहा वर्षांत एकदाही उशीर झाला नाही.

प्रोग्राम आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात झाला. आजी आठ नंबरवर लांब कोपऱ्यात. काकांच्या शेजारी एक साहेब, कानात बोंडं घालून झोपलेले. मी तिसऱ्यांदा पासवर्ड टाकत होते. आजींना एवढ्या लांबून काकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांना त्यांचे ओठ दिसत होते. त्या किंचाळल्या तेव्हा मी पळाले, आणि पोचले तोवर काकांचे डोळे फिरले होते. दोन दिवस ते अतिदक्षता विभागात होते.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये टाका ना." टाकलं. उत्तर आलं, 'आपली सूचना मिळाली. तक्रार बंद करण्यात येत आहे.' मग फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. म्हणाला, "मॅडम, नाव, वय, वजन, रक्तगट, सगळ्याचा रकाना आहे. शेजारी कोण हवं, याचा रकानाच नाहीये. मी काय करू सांगा."

मी त्याला काय सांगणार? मी स्वतःच केलं. काकांना चार नंबर मिळाला, की मी पाच नंबर नादुरुस्त म्हणून लावायचे. प्रोग्राम विचारायचा, काय बिघडलंय? खाली यादी. 'इतर' दाबलं तर पन्नास अक्षरांचा खुलासा लिहायचा. म्हणून यादीतलं पहिलं दाबायचे, पाण्याचा दाब कमी. मागून येणारे सहा, सात, आठवर जायचे. आजी आल्या, की 'दुरुस्त झाले' दाबायचे. पाच नंबर आपोआप त्यांचं. सात महिने बिनबोभाट चाललं. कोणी वाचत नाही असंच वाटलं होतं. माणसं वाचत नव्हती हे खरं, पण तो मोजत होता ना.

आता आठाची सात मशीनं झाली तर एक जण बाहेर जाणार, दोन तासांच्या अंतरावरच्या केंद्रात. कोणी जायचं तेही तोच ठरवतो. ज्याची नोंद शेवटी, तो. म्हणजे आजी.

त्यांनी कागद ऐकला होता. "मी काही जायची नाही एवढ्या लांब," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "जावई देवमाणूस आहे, पण त्याला किती पिळायचं? माझं झालंय सगळं बघून."

"गप गं म्हातारे," काका म्हणाले. त्यापुढे त्यांना काही सुचलं नाही. मी घाईने त्यांचं प्रेशर पाहिलं. प्रेशर ठीक होतं. माणूस नुसताच गप्प झाला होता.

डायलिसिस सोडणं म्हणजे आठ-दहा दिवसांचा हिशेब. आजींना तो माहीत होता, काकांनाही, आणि मला तर होताच.

मी सिस्टरला दोघांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. भले आहेत, फक्त कायम झोप राहिलेले.

"मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "मी खोटं लिहीत होते."

सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अहो, एवढंच होतं तर मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सिस्टीममध्ये टाका."

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. मग स्क्रीन माझ्याकडे थोडा वळवून त्यांनी मशीन नेण्याचा आदेश उघडला. आदेश रद्द करायची सोय होती, पण कारण निवडल्याशिवाय नाही. यादीत दोनच गोष्टी होत्या. नोंद नजरचुकीने झाली, किंवा नोंद हेतुपुरस्सर चुकीची केली.

"नजरचूक टाकतो," ते म्हणाले आणि त्यांनी दाबलंही. प्रोग्रामने गोल गोल फिरून उत्तर दिलं, 'नोंदीबाबत खात्री नसल्याने मशीन तपासणीसाठी पाठवावे. अपेक्षित कालावधी सहा आठवडे.'

आम्ही दोघांनी ते वाचलं. डॉक्टरांनी मागे जाऊन पुन्हा यादी काढली, आणि त्यांचं बोट तिथेच अडलं.

"दुसरं दाबलं तर मशीन सुटेल," ते म्हणाले. "पण चौकशी तुमच्यावर. रुग्णांच्या नोंदीत खोटं म्हणजे... तुमची किती वर्षं राहिलीत?"

"आठ महिने."

"थांबा जरा. मी वर बोलून बघतो. उद्यापर्यंत..."

"डॉक्टर, अकरा वाजून गेलेत. ट्रॉलीवाले पावणेबाराला येणार. आणि हेतू होताच की माझा. तो काय चोरून ठेवायचाय?"

मला तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट बरं वाटलं. सात महिने दर पाळीला खोटं दाबताना छातीत जी एक बारीक कळ यायची, ती गेली.

"हेतुपुरस्सर दाबा," मी म्हटलं.

पावणेबाराला जाड्या आला, त्याने नवा कागद वाचला, रिकामी ट्रॉली घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे अख्खी सकाळ फुकट गेली बघा." मी त्याला म्हटलं, "माझीपण."

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "आठ महिने तोंड मिटून काढायचे होते गं," म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण तुला ते कधी जमलंय म्हणा." आणि त्या रात्री भांडी त्यांनी घासली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच.

चौकशी लवकर आटपली. मला सगळं कबूलच होतं, त्यांना शोधायला काही उरलं नाही. मला डायलिसिसवरून काढून खाली रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. जुन्या फायली, धूळ आणि एक खिडकी. खिडकीतून समोर आमच्या विभागाचं दार आणि दाराबाहेरचं बाकडं दिसतं, तिथलं बोलणंही ऐकू येतं. माझ्या जागी एक मुलगी आली. हुशार आहे, हात हलका आहे. मी तिला काकांचं सगळं समजावून सांगितलं, पण खोटं दाब असं नाही सांगितलं. तिच्या नोकरीला अजून महिनाही झाला नव्हता.

मी खाली गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी गाडी आली. तिघे उतरून आत गेले. मागून ड्रायव्हरकाका काठीने चाचपडत आले आणि बाकड्यावर बसले.

नवी मुलगी दारात आली. "काका, चला ना. चार नंबर मोकळा आहे."

"दे कोणाला तरी," काका म्हणाले. "मला घाई नाही."

एकेक जण आला, काकांना रामराम करत आत गेला. साडूंपैकी एक आला, त्याने विचारलं, "बरं नाही का?" काका म्हणाले, "छान आहे. तू हो पुढे." उशिरा आत जायचं म्हणजे उशिरा सुटायचं. परतीची गाडी तोवर थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पस्तीस मिनिटं ते काठीवर हनुवटी ठेवून बसून होते. मी एकही फाईल उघडली नाही.

मग जावयाची गाडी आली. आजी उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे ड्रायव्हर, तू अजून बाहेर?"

"सात आणि आठ राहिलेत," काका म्हणाले. "चल. आणि जावयाला सांग, मलाही घरी सोडावं लागणार. दर वेळी."

"एवढ्यासाठी बसलास?" आजी म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि काकांचा दंड धरला.

मी धावतच बाहेर आले होते. का ते माहीत नाही, काही काम नव्हतं. दारापाशी आजींनी मला पाहिलं.

"ये की गं आत," त्या म्हणाल्या.

"माझं कार्ड नाही चालत आता, आजी. तुम्ही व्हा पुढे."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मग दोघं आत गेली आणि दार आपोआप लागलं. मी दाराशी कान लावून उभी राहिले. थोड्या वेळाने आतून काकांचा आवाज आला, पाठोपाठ आजींचा, मग पुन्हा काकांचा. ते बोलत होते. मी फायलींकडे परत गेले.