मोनाची आंघोळ

आमच्या कळंब्याच्या गल्लीत बाई मेली की शेवटची आंघोळ घालायला आक्का, हे ठरलेलंच. पण औंदा लकव्यानं आक्काचा उजवा हात गेला, आणि मेली कोण, तर तिचीच नात मोना. बाळंतपणात गेली. पोर वाचलं, हिचं रक्त काय थांबलंच न्हाई.

दुपारी दवाखान्यातनं आणली. पाणी तापलं, अंगणात चादरीचा आडोसा झाला, आणि गल्लीतल्या सवाष्णी एकेक करून मागं सरकल्या. बाळंतीण मेली की भूत होऊन धरती म्हणं! एरवी हळदीकुंकवाला ह्याच सगळ्यात पुढं. अशी तिडीक आली मला. तिकडं तिरडी बांधून झालेली, बाप्ये वरडत होते, "आटपा, न्हाईतर तशीच नेतो." तशीच म्हणजे रक्तानं भरलेली.

आक्कानं डाव्या हातानं माझा पदर धरला. "ताना, तू जा."

"मी? अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? सवाष्ण मेलीया ती. माझ्या पांढऱ्या कपाळाचा हात तिला लावू? आन् मला मेलेल्याचं भ्या वाटतंय. नवरा गेला तवा त्याच्या तोंडाकडं बी बघवलं न्हाई मला."

"देव बोलवतोय ताना. आपली लायकी त्यानं बघायची, आपण न्हाई."

"त्याला दुसरी कोण गावली न्हाई व्हय?"

"न्हाई गावली. बघ की मागं वळून."

बघितलं. सगळ्याजणी चपला घालत होत्या.

गेले मग. जोतिबाला मनात शिव्या घालतच आडोशाला गेले. पहिला तांब्या माझ्याच पायावर सांडला. चटका बसला. मेल्यांनी पाणी उकळून ठेवलंवतं. बादलीभर गार पाणी ओतलं, कोपर बुडवून बघितलं, मग घातलं तिच्या अंगावर. "दमानं गं बाय," असं काहीबाही बोलत होते. गप बसले असते तर पळालेच असते.

अंग पुसायला घेतलं, तर तिच्या छातीतनं दूध आलं. आत पोर टाहो फोडत होतं. मी पुसलं. परत आलं, परत पुसलं. काय करणार हुते दुसरं?

हिरव्या बांगड्या सुजलेल्या हातात जाईनात, त्या पायाशी ठेवल्या. कुंकवाच्या करंड्यात बोट घालायला लई वेळ लागला. मग मात्र कपाळभर लावलं.

बाहेर आले तर आक्का भिंतीला टेकून बसलेली. इतका वेळ तिच्या डोळ्यात टिपूस नव्हता.

"ताना, पाणी लई कढत न्हवतं न्हवं? तिला सोसत न्हाई."

"न्हाई. कोमट करून घेतलंवतं."

तवा कुठं आक्का रडली.