चष्म्यातली बाई ओरडायची

प्रांताच्या गावी झालेल्या प्रशिक्षणात खुलान सुईण पहिली आली. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की समोर खोटी बाळंतीण दिसायची, अगदी खऱ्यासारखी. वेळ जवळ आली की ती किंचाळायची, आणि मग खुलानने बाळ सोडवायचं. बारा बाळंतपणं, एकही बाळ दगावलं नाही. तेव्हापासून खुलानबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बर्फाने रस्ता अडला, दिवस भरलेल्या सारुलला दवाखान्यात आणता येईना, म्हणून खुलानच घोड्यावरून तिच्या गेरमध्ये, नमद्याच्या गोल तंबूत पोचली. सारुल कनातीकडे तोंड करून निपचित पडली होती. सासरा चुलीपलीकडे लगाम शिवत होता.

"अजून अवकाश आहे," खुलान म्हणाली. बाई ओरडत कुठे होती? तपासणंही तिने पुढे ढकललं. हात गारठलेले, आणि खारा चहा वाफाळत होता.

"शंभरात अठ्ठ्याण्णव गुण, आजी!" घोट घेत ती म्हणाली. " राजधानीच्या पोरी मागे पडल्या."

"मग दोन कुठे सांडलेस गं?" सारुलची सासू, डोल्गोर आजी म्हणाली. बोलता बोलता तिने सुनेचं पांघरूण उचललं आणि नवऱ्याला बाहेर पिटाळलं.

डोकं बाहेर आलं होतं. गळ्याभोवती नाळेचा वेढा, तोंड काळंनिळं. खुलान हातमोजे शोधतेय तोवर आजीने बोट घालून वेढा सोडवला, बाळ ओढून घेतलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ते रडलं. खुलानच्या वाट्याला नाळ कापणं तेवढं उरलं.

"सारुल, हाक का नाही मारलीस?"

"मामंजी बसले होते ना," सारुल पुटपुटली. "आणि ताई, तुम्ही गुण सांगत होतात. मधेच कसं बोलायचं?"

खुलानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काय परकी होती? मेंढपाळाचीच पोर. तिच्या आईच्या सहा बाळंतपणांत शेजारच्या गेरला कधी हूं की चूं ऐकू गेलं नव्हतं. हे ठाऊक असून ती किंकाळीची वाट बघत बसली होती.

नाळ कापते ती बाळाची नाळ-आई, तिचा जन्मभर मान. सासरा आत आला, खदग, म्हणजे मानाचं निळं रेशमी वस्त्र, दोन्ही हातांवर धरून तिच्यापुढे वाकला. "डॉक्टर, तुमच्यामुळे नातू वाचला."

आजीने ते खोडून न काढता बाळ दुपट्यात गुंडाळायला घेतलं. खुलानने मनात आणलं असतं तर झाकली मूठ तशीच राहिली असती.

खुलानने खदग घेतलं आणि आजीच्या हातांवर ठेवलं. तिला मान वर करवेना.

"आजींनी वाचवलं, बाबा," ती म्हणाली. "मी चहा पीत होते."