चांगली प्रत

माझ्या नवऱ्याला त्याचे मित्र ‘गव्हर्नर’ म्हणतात. सरकारं उलथतात त्या काळातल्या नोटा तो जमवतो. घरातलं मीठ संपलेलं त्याला कळत नाही, पण कुठल्या सेनापतीने कुठल्या राजाच्या तोंडावर शिक्का मारून नोट चालवली, ते झोपेतून उठवून विचारा.

तसली एक नोट माझ्या आईकडे होती. राजा पळाला, नवं सरकार आलं आणि काळा शिक्का मारलेल्या राजाच्याच नोटांत बाबांचा पगार झाला. त्याच संध्याकाळी चौकात गोळीबार झाला, बाबा गेले. मी तेव्हा आईच्या पोटात होते. चौकीवरून तिला ही नोट तेवढी मिळाली. बाबांची म्हणून तिच्याकडे दुसरं काही नाही. नोट घडीवर फाटायला लागली तेव्हा तिने ती जावयाच्या हवाली केली, जपून राहील असं काहीतरी करा म्हणून.

काल त्याने फ्रेम आणून तिच्या हातात दिली. काचेखाली नोट, अगदी कोरी करकरीत. आईने चष्मा लावला, काचेवरून बोट फिरवलं.

‘डाग कुठाय?’

‘आई, तुमची प्रत फारच खराब झाली होती. ही माझ्या संग्रहातली. तेच साल, तोच शिक्का, एक घडी नाही,’ गव्हर्नर खुशीत सांगत होता. या लोकांचा रिवाजच आहे, चांगली प्रत मिळाली की खराब काढून टाकायची. आपली सगळ्यात चांगली नोट त्याने सासूला दिली होती, एवढं मलाही मान्य आहे.

‘रक्त होतं ते,’ आई म्हणाली. ‘खिशात होती ना.’

इतकी वर्षं तो तपकिरी डाग मी चहाचा समजत होते. तिने सांगितलं नाही आणि मी मूर्खासारखं कधी विचारलं नाही. आईची नोट नवऱ्याने जुन्या नोटांच्या दुकानदाराला देऊन टाकली होती.

‘आत्ताच्या आत्ता चल,’ मी म्हटलं. ‘बूट रस्त्यात घाल.’

दुकानदाराने खोका उपसला. नशीब, विकली गेली नव्हती. चिमट्यात धरून त्याने ती आमच्यासमोर केली.

‘रात्रभर भिजत घातली होती. डाग कसा साफ निघाला बघा,’ तो म्हणाला.

त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या, पण मी नोट घेतली आणि दुकानाबाहेर पडले.

घरी आईने नोट हातात घेतली, नाकाशी नेली. नवरा तिच्या पायाशी रडत होता.

‘रडू नका, जावईबापू. तुम्हाला कुठे माहीत होतं,’ ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

‘प्रेत दिलंच नाही गं मला. मी त्या डागालाच हात लावायचे.’