खालची तार

त्याने ॲम्पचा आवाज दोनवर आणला, खर्जाचं बटण जवळजवळ बंद केलं आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार हलकेच छेडली. सूर आलाच नाही. ठक् असं काहीतरी वाजलं, एवढंच. ॲम्प साध्या गिटारीसाठी बनवलेला, उशीएवढा. बेसचा खर्ज त्याला पेलत नसे. आवाज जरा वाढवला की पुढची जाळी फरफरायची. पण त्याला सवय झाली होती. जो सूर ऐकू येत नाही, तो बोटांना कळत असे.

ॲम्प दाजींचा. आई पक्षाघातानंतर घरी आली त्याच आठवड्यात ते स्वतः घेऊन आले होते.

"आईंना गोंगाट सोसायचा नाही. तू घरीच हळू वाजव, तालमीचं मी बघतो. फक्त जे वाजवशील ते फोनवर रेकॉर्ड करून पाठव. तुझा हात कुठवर आलाय ते मला कळेल."

त्याला भरून आलं होतं. दाजी ताईचे यजमान खरे, पण ग्रुप दोघांनी मिळून उभा केला होता, बारा वर्षांपूर्वी. आता सकाळी दुकानात चष्म्यांच्या काचा घासायच्या, दुपारी घरी येऊन आईला भरवायचं, औषधं द्यायची आणि ती आडवी झाली की तासभर सराव. सहा महिन्यांत त्याने अकरा गाणी पाठवली. दाजींचं उत्तर ठरलेलं: "झकास. पुढचं येऊ दे."

त्या मंगळवारी आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाई लवकर आल्या.

"जा, पाय मोकळे करून ये," आई म्हणाली. शब्द अजून अडखळत, पण हुकूम पूर्वीचाच.

तो तडक तालमीच्या खोलीकडे निघाला. न सांगता जायचं, सगळ्यांची तोंडं बघायची.

दुसऱ्या मजल्यावर तो थबकला. वरून त्याचंच वाजवणं ऐकू येत होतं. तारेवरची तीच घसीट, दोन ओळींच्या मधला तोच थांबा. दार ढकललं तर त्याच्या मोठ्या ॲम्पपुढे विशी-बाविशीची एक मुलगी बेस घेऊन बसलेली. शेजारी दाजी.

"अरे, तू?" दाजींची गिटार मध्येच थांबली. "ये, ये ना."

मुलगी लगबगीने उठली. "तुम्हीच का ते काका? तुमच्या रेकॉर्डिंगवरूनच शिकले मी सगळं. तिसऱ्या गाण्यात कुणीतरी खोकतं ना, तिथून अंतरा उचलायचा, असं पाठच झालंय माझं!"

खोकला आईचा होता.

"कधीपासून येतेस?" त्याने विचारलं.

"चार महिने झाले की."

दाजींनी घसा खाकरला. "रविवारी कार्यक्रम आहे. तुझ्या घरचं हे असं. सांगणारच होतो तुला, वेळ बघत होतो."

"ताईला माहीत आहे?"

दाजी खाली वाकून एक वायर गुंडाळू लागले. ती आधीच नीट गुंडाळलेली होती. ताई दर गुरुवारी आईजवळ येऊन बसायची. निघताना न चुकता विचारायची, सराव चाललाय ना रे?

"आलायस तर ऐकून जा," दाजी वायरकडे बघतच म्हणाले. "कुठेतरी हलकं पडतंय गाणं. नेमकं काय ते सापडत नाही."

मुलगी वाजवू लागली. हात गोड होता. चौथ्या ओळीला ती जाड तारेपाशी आली आणि सूर उमटू न देताच तिने तार छेडून दाबून धरली. ठक्. पुढच्या ओळीत पुन्हा ठक्. त्या छोट्या ॲम्पने जे गिळलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. जिथे त्याने सबंध गाणं तोलून धरलं होतं, तिथे तिने फक्त थांबायचं ठरवलं होतं.

गाणं संपलं. "काही राहतंय का हो, काका?" तिच्या मांडीवर वही होती, हातात पेन्सिल.

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे. असंच वाजव."

"हुश्श!" मुलगी हसली. "तुम्हीच म्हणालात म्हणजे आता भीती नाही." तिने वहीत गाण्यापुढे मोठी खूण केली.

तो जिना उतरू लागला. वर गाणं पुन्हा सुरू झालं. पहिल्या मजल्यावर चौथी ओळ आली. तिथे मुलीने आणखी ठामपणे, अगदी नेमका, रिकामा थांबा घेतला. कठड्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. पुढची ओळ आली आणि गेली. मग अंतरा आला. वर कुणीतरी "वा!" म्हणालं, तेव्हा त्याने कठड्यावरचा हात काढला आणि उरलेल्या पायऱ्या उतरला.