ताउनोचं नितळ तळं

ताउनो हाक्कालाला आपल्या तळ्याचा जेवढा अभिमान होता तेवढा पोटच्या पोरांचाही नव्हता, आणि पोरांना ते ठाऊक होतं. सडबरी या खाणींच्या गावाच्या आसपास तळ्यांना तोटा नाही, पण ताउनोच्या लेखी बाकीची सगळी डबकी. त्याच्या धक्क्यावरून वाकून पाहिलं की तळाचा एकेक दगड मोजून घ्यावा. पाहुणा आला की आधी ते दाखवायचं, कॉफी मग.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. एकतीस वर्षं त्यानं निकेलच्या भट्टीवर काढली होती. त्या धुरानं टेकड्या बोडक्या केल्या, खडक काळे पडले, आणि दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांना भोकं पडायची. अशा गावात राहिलेल्या माणसाला आरशासारखं पाणी मिळालं म्हणजे देवच पावला. निवृत्त झाल्यावर तो आणि बायको हिल्का तळ्याकाठच्या लाकडी घरात कायमचे राहायला आले. पुढच्याच उन्हाळ्यात पाणी तपासणाऱ्या कचेरीनं त्याच्या हाती थाळी दिली.

थाळी म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी चकती, काळ्या-पांढऱ्या रंगाची, दोरीला बांधलेली. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला होडीतून तळ्याच्या मध्यावर जायचं, थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचून कागदावर लिहायची. काम बिनपगारी, पण ताउनो त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालायचा. पहिल्या वर्षी थाळी अकरा मीटरपर्यंत दिसली. शेजारचा रेजाँ, जो फ्रेंच होता आणि म्हणून ताउनोच्या मते जरा बडबड्या होता, काठावरून म्हणाला, "लांबून तुझी होडी हवेत टांगल्यासारखी दिसते. पडशील एखाद्या दिवशी." ताउनो आठवडाभर खूश होता.

मग काही वर्षांनी थाळी नऊ मीटरवरच दिसेनाशी झाली. पुढच्या उन्हाळ्यात सातवर. ताउनोनं चष्मा पुसला, चष्मा बदलला, दोरी पुन्हा मोजली. पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं होत चाललं होतं आणि धक्क्याच्या खांबांना बुळबुळीत शेवाळ धरलं होतं. त्याचा पहिला संशय रेजाँच्या संडासावर गेला. टाकी उकरून पाहिली तर ती धडधाकट निघाली, आणि दोघांत दोन महिने बोलणं बंद पडलं. मग त्यानं सावनातल्या, म्हणजे तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीघरातल्या, साबणावर बंदी आणली.

"एकतीस वर्षं तुझ्या अंगावरची काजळी मी साबणानंच काढली," हिल्का म्हणाली. "तेव्हा काही बाटत नव्हतं. आता तळं बाटतंय होय?"

आणि थाळी नऊवर आली तेव्हापासून ताउनोनं केलं ते असं, की कागदावर अकराच लिहिलं. नापास झालेल्या पोराला बाप जसा चारचौघांत सांभाळून घेतो, तसं. आपल्या देखरेखीत तळं नासलं हे जगाला कळू नये एवढंच त्याला हवं होतं. एकदा लिहिलं ते चार वर्षं लिहीतच राहिला.

ऑगस्टच्या शेवटी कचेरीतून जॅनिस पेल्तिए या बाईंचा फोन आला. ताउनोचं तळं आजूबाजूच्या सगळ्यांहून वेगळं वागतंय, तेव्हा शनिवारी त्या स्वतः थाळी सोडून पाहणार होत्या. थाळी जाणार, अब्रू जाणार, आणि रेजाँला उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढा विषय मिळणार. त्यानं रंगाचा डबा काढला आणि दोरीवरच्या खुणा सरकवायला बसला. हिल्का दारात येऊन नुसती उभी राहिली. त्यानं डबा बंद केला.

शनिवारी जॅनिस होडीत बसल्या, आणि कोणी न बोलावता रेजाँही बसला. तळ्याच्या मध्यावर जॅनिसनी थाळीसाठी हात पुढे केला तेव्हा ताउनोनं ती मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"सोडायच्या आधी सांगतो," तो म्हणाला. "चार वर्षांचे आकडे खोटे आहेत. पाणी खराब झालंय. मला लाज वाटली."

जॅनिसनी थाळी त्याच्या हातातून घेतली. त्यांनी थाळी सोडली. ती साडेपाच मीटरवर दिसेनाशी झाली. त्यांनी वर ओढून परत सोडली, परत साडेपाच. मग त्या आधी चांगल्याच रागावल्या, कारण खोट्या आकड्यांनी कचेरीची चार वर्षं फुकट गेली होती. पण रागावता रागावता त्यांचा चेहरा फुलत चालला होता, हे ताउनोला काही उलगडेना.

"शेजारची सगळी तळी गढूळ होताहेत," त्या म्हणाल्या. "एक तुमचंच होत नव्हतं. आम्ही ते मेलेलं म्हणून सोडून देणार होतो."

"गढूळ म्हणजे घाणच ना?"

"ताउनो, अकरा मीटर दिसायचं, कारण पाण्यात काहीच नव्हतं. धुरातलं आम्ल पावसाबरोबर उतरलं आणि शेवाळ, किडे, मासे, सगळं मेलं. आता धूर कमी झालाय. तुमचं तळं परत जगायला लागलंय."

ताउनोनं वल्हं होडीत आडवं टाकलं. भट्टीवरची एकतीस वर्षं एकदम त्याच्या छातीवर येऊन बसली.

"म्हणजे मी इतकी वर्षं पाहुण्यांना मढं दाखवत होतो," तो म्हणाला.

"आणि वर कॉफी पाजत होतास," रेजाँ म्हणाला.

आधी जॅनिस हसल्या, मग होडी हलायला लागली इतके तिघंही हसले. ताउनोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. खरे आकडे त्यानं घरच्या कॅलेंडरवर दर वेळी लिहून ठेवलेले निघाले. जॅनिसनी ते अधाशासारखे उतरवून घेतले आणि थाळी ताउनोकडेच ठेवली.

शनिवार म्हणजे सावना, त्यात पाहुण्यांना सुटका नाही. हिल्कानं चूल सकाळीच पेटवली होती. जॅनिस तिच्यासोबत आधी जाऊन आल्या, मग ताउनो आणि रेजाँ. तापल्या दगडांवर पाणी मारून दोघं लालबुंद झाले आणि धक्क्यावर आले; तिथं हिल्का टॉवेल घेऊन उभी होती. ताउनो कडेला थबकला. ज्या पाण्याची चार वर्षं किळस केली त्याची त्याला आता भीतीच वाटत होती. मग त्यानं नाक दाबलं आणि उडी मारली.

वर येऊन तो छातीभर पाण्यात उभा राहिला. खालचे पाय त्याला दिसत नव्हते. एकाएकी तो दचकला.

"हिल्का, मला काहीतरी चावलं."

"काय चावलं?"

"मासा," ताउनो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "हिल्का, मासा चावला मला."

रेजाँनं धक्क्यावरून तोंड उघडलं, पण हिल्कानं त्याच्या दंडाला धरलं आणि तो गप्प बसला. ताउनो त्या चहाच्या रंगाच्या पाण्यात तसाच उभा होता, पाय जराही न हलवता, पुन्हा चावायची वाट पाहत.