चारला घोटा

माझं डोकं फिरलं ते प्रभाकरच्या बँडेजमुळे नाही, चहामुळे. चौकशीला तो लंगडत आला, तर अण्णांनी त्याला खुर्ची दिली आणि वर कपभर चहा मागवला. सरोज मात्र उभी. तिला कुठे लागलं होतं, मग तिला खुर्ची कशाला!

अण्णा आमच्या व्यायामशाळेचे चिटणीस, प्रभाकर त्यांचा पुतण्या, आणि मी तिथल्या मुलींच्या लाठीवर्गाची बाई. टेंभी नाक्यापाशी हा वर्ग निघावा म्हणून मी दोन वर्षं अण्णांच्या घरचा उंबरा झिजवला. शेवटी त्यांनी हो म्हटलं, ते का? तर सव्वीस जानेवारीच्या संचलनात मुली शोभून दिसतील. पांढरी पातळं, काचे मारलेले, आणि माझी शिट्टी. एकला खांदा, दोनला कोपर, तीनला मांडी, चारला घोटा. बत्तीस लाठ्या एकदम खाली आल्या की मामलेदारसाहेब टाळ्या वाजवत आणि अण्णा त्या स्वतःकडे घेत.

सोमवारी संध्याकाळी वर्गातून घरी जाताना तळ्यामागच्या गल्लीत प्रभाकरनं सरोजचा हात धरला. सरोज सतरा वर्षांची, यंदा मॅट्रिकला बसणार होती. माझ्या वर्गात तिच्याइतकी अबोल मुलगी दुसरी नव्हती. तिनं त्याला हातातल्या लाठीनं चार फटके दिले. खांदा, कोपर, मांडी, घोटा.

मंगळवारी ती मनगटाला चिंधी गुंडाळून वर्गाला आली. मी तिला सगळ्यांदेखत झापलं, बांगड्या घालून लाठी फिरवू नये हे किती वेळा सांगायचं म्हणून. ती फक्त हो बाई म्हणाली. तेव्हा मला गल्लीतलं काहीच माहीत नव्हतं. बुधवारी सगळ्या ठाण्याला माहीत झालं, आणि गुरुवारी ही चौकशी.

हात धरला हे प्रभाकरनं कबूलच केलं. बोलायचं होतं म्हणे, म्हणून थांबवत होतो. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. वाद सगळा आकड्यांचा. अण्णांचं म्हणणं असं, की पहिला फटका त्यांना मान्य आहे. बाईमाणसानं अब्रू राखावी, त्यात काही वावगं नाही. पण उरलेले तीन कशासाठी? एक फटका म्हणजे स्वसंरक्षण, चार म्हणजे मारामारी. माफीनामा ते घरूनच लिहून घेऊन आले होते. सरोजनं सही करायची, नाहीतर मुलींचा वर्ग उद्यापासून बंद. दाराशी उभे असलेले तिचे वडील सही करून टाक म्हणून दोनदा पुटपुटले.

आता मला राहवेना. मी म्हटलं, यात पोरीचा दोष नाही, माझा आहे. आम्ही चार मोजूनच शिकवतो. एकला थांबायला तिला कुणी शिकवलंच नाही, आणि संचलनात ती एकला थांबली असती तर तुम्हीच माझ्यावर डाफरला असता. आपण बिनतोड बोललो असं मला वाटलं. अण्णांनाही ते पटलं. त्यांनी पेन उघडलं आणि माफीनाम्यात एक ओळ वाढवली, 'सवयीने हात चालला.' मी कपाळावर हात मारून घेतला. माझाच मुद्दा घेऊन त्यांनी पोरीच्या गळ्यात बांधला होता.

"सवयीनं नाही, बाई," सरोज म्हणाली.

ती मनगटावरची चिंधी सोडत होती. खाली चार बोटांचे काळेनिळे वळ होते, आणि काच घुसलेल्या दोन जखमा.

"एकला यांनी हात सोडला नाही. दोनला नाही. तीनला आणखी आवळला, तेव्हा बांगड्या फुटल्या. चारला सोडला. मग मी थांबले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालपासून मी या मुलीसाठी गावभर भांडत होते, आणि चार का मारलेस हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. वर तिच्यावरच ओरडले होते.

"प्रभाकर," अण्णा हळूच म्हणाले, "तीनपर्यंत धरून होतास?"

प्रभाकरनं अर्धा चहा तसाच ठेवून कप खाली ठेवला. अण्णांनी माफीनाम्याची घडी घालून खिशात ठेवली आणि वर्गाचं पुढे बघू म्हणाले. त्याच खोलीत प्रभाकरला माफी मागायला सांगावं, हे काही त्यांना सुचलं नाही. सरोजला बसायला खुर्ची मीच ओढून दिली, तर ती म्हणाली की आता घरीच जाते.

शुक्रवारी मी वर्ग भरवला. बंद करायला कुणी आलं नाही. शिट्टी मी घरी ठेवली होती. मुलींच्या जोड्या लावल्या आणि एकीला दुसरीचं मनगट घट्ट धरायला सांगितलं. पहिल्या रांगेतल्या कलावतीनं विचारलं, बाई, आता कितीपर्यंत मोजायचं? मी सरोजकडे बघितलं.

"मोजायचं नाही," ती म्हणाली. "हात सुटला का ते बघायचं."